बांबूच्या परडीतून भुसा का पडतो, आणि त्यावर पॉलिश हा उपाय का नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एप्रिलअखेर गावातल्या एका बुरूड कारागिराकडे 200 परड्या सांगितल्या, मे महिन्यात त्या मिळाल्या, प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून गणपतीच्या भेटवस्तूंसाठी ठेवल्या. ऑगस्टमध्ये गठ्ठे सोडले तर काही परड्यांवर काळी-हिरवी बुरशी, काहींच्या खाली पिठासारखा पिवळट भुसा. कारागीर म्हणाले, बांबू आहे, असं होणारच. एकाने सल्ला दिला की वॉर्निश मारा, दुसऱ्याने सांगितलं की औषधात बुडवा. मग ‘पर्यावरणपूरक’ म्हणून आपण नेमकं काय विकतोय, आणि पुन्हा त्याच माणसाकडे जायचं की नाही, असं तुम्ही विचारलंय.

बुरूडकामाशी माझा संबंध पंचवीसएक वर्षांचा. त्यातला निम्मा वेळ विदर्भात, निम्मा कोकणात गेला. सुरुवातीच्या काळात मीही अशीच माती खाल्ली आहे. वैशाखात घाईने तोडून आणलेल्या बांबूचे दिव्यांचे साठ घुमट एका गिऱ्हाइकाला दिले. पावसाळा संपेपर्यंत त्यांच्या प्रत्येक टेबलावर भुशाची छोटी ढिगुळी. वीण उत्तम होती, घाट उत्तम होता, आणि माल सगळा परत आला. तेव्हा आमच्याकडे काम करणाऱ्या एका वयस्कर बुरूड बाईंनी मला फक्त एवढंच विचारलं की वेळू कोणत्या महिन्यात तोडला होता. तुम्हालाही माझा पहिला प्रश्न तोच आहे, आणि उत्तर तुमच्या तारखांत आधीच आलेलं आहे.

भुसा पाडतो तो एक भुंगेरा. जेमतेम तीन मिलिमीटरचा, काळपट तपकिरी. शास्त्रीय नाव डायनोडेरस. त्याला बांबू खायचा नसतोच मुळी, बांबूत साठलेलं पिष्ट, म्हणजे स्टार्च, हवं असतं. बांबूच्या आडव्या कापाकडे भिंगातून पाहिलंत तर साधारण निम्मा भाग मऊ गराच्या पेशींचा दिसेल, चाळीस टक्क्यांच्या आसपास धागे आणि उरलेल्या पाणी-अन्न वाहणाऱ्या नळ्या. पिष्ट त्या गरात असतं. सागाच्या जून लाकडात किडीला न मानवणारी द्रव्यं असतात म्हणून सागवान टिकतं. बांबूत तसलं काही नाही. त्याच्याकडे आहे ती फक्त बाहेरची साल, मेणचट आणि सिलिकाने कडक झालेली. भुंगेऱ्याला ती सहसा फोडता येत नाही. तो शिरतो कापलेल्या टोकातून, फांदी छाटलेल्या जागेतून किंवा आतल्या बाजूने. आणि बांबू चिरून कामट्या काढल्या की आतली बाजूच उघडी पडते.

आता पिष्ट कधी जास्त, कधी कमी? बांबूचा कोंब जमिनीतून वर येतो तो पुढे जेवढा जाड असणार तेवढाच जाड येतो. नंतर त्याची जाडी वाढत नाही. पावसाळ्यात कोंब फुटतात आणि दोन-चार महिन्यांत पूर्ण उंची गाठतात. एवढ्या वाढीचं अन्न कोंब स्वतः तयार करत नाही, त्याला पानं कुठे असतात? ते अन्न बेटातले, म्हणजे त्याच झुपक्यातले, आधीचे बांबू पुरवतात. म्हणजे बेट वर्षभर शिधा जमवतं आणि पावसाळ्यात खर्चून टाकतं. पावसाळा सरला की कोठार रिकामं. थंडीपासून पुन्हा भरायला लागतं, आणि चैत्र-वैशाखात काठोकाठ. तुमच्या परड्यांचा बांबू एप्रिल-मेमध्ये, ऐन भरल्या कोठाराचा तोडला गेला. अंडी, अळी, पुन्हा भुंगेरा हे चक्र उबदार हवेत दीड-दोन महिन्यांत पुरं होतं. मे ते ऑगस्ट मोजून पाहा.

म्हणून जाणते बुरूड दिवाळीनंतर ते माघापर्यंत तोडतात. त्यातही वद्य पक्षात तोडायचा, अमावास्येला तोडलेल्याला कीड लागत नाही, असं बहुतेक गावांत ऐकाल. चंद्राचा फरक मला तरी कधी दिसला नाही. ऋतूचा फरक मात्र दर वर्षी दिसतो. पण वद्य पक्षाचा नेम पाळणारा माणूस बेटात घाई करत नाही, हाही एक फायदाच, म्हणून मी त्या समजुतीशी भांडत नाही.

महिन्याइतकंच महत्त्व वयाला. पहिल्या वर्षाचा बांबू गर्द हिरवा, त्यावर पांढरी भुकटी, गाठींना कोंबाचं आवरण चिकटलेलं. त्याच्या कामट्या लवचीक निघतात, विणायला सुखाच्या, पण वाळताना चांगल्याच आक्रसतात आणि परडी ढिली पडते. तीन वर्षांचा बांबू मळकट दिसतो, अंगावर शेवाळाचे ठिपके येतात, कोयत्याच्या पाठीने ठोकला तर खणखणीत वाजतो. फर्निचर आणि घरबांधणीला तीन-चार वर्षांचाच हवा. टोपलीकामाला दुसऱ्या वर्षाचा चालतो, आणि खरं सांगायचं तर बुरूड तोच पसंत करतात.

इथे एक पेच आहे, तो शहरातल्या माणसाला सहसा माहीत नसतो. बुरुडाला बांबू ओला लागतो. सुकलेल्या बांबूची बारीक कामटी निघत नाही, तडकते. उलट टिकाऊपणासाठी सगळे सांगतात की बांबू आधी नीट वाळवा. दोन्ही कसं साधायचं? जुनं उत्तर पाणी. बांबू तोडला की वाहत्या ओढ्यात दगड ठेवून तीन-चार आठवडे बुडवून ठेवायचा. पिष्ट आणि साखर हळूहळू पाण्यात उतरते, आणि बांबू ओला राहतो तो राहतोच. कोकणात काही ठिकाणी खाडीच्या पाण्यात बुडवतात. डबक्यात मात्र नको. साचलेल्या पाण्यात बांबूला काळे डाग पडतात आणि असा वास लागतो की परडीत फूलही ठेववत नाही. दुसरी युक्ती आणखी सोपी. तोडलेला बांबू फांद्या-पानांसकट बेटालाच टेकवून काही दिवस उभा ठेवायचा. पानं जिवंत असेपर्यंत आतलं पिष्ट खर्च होत राहतं. याला पैसा लागत नाही, फक्त थांबणं लागतं.

थांबणं हाच खरा खर्च आहे. पण त्याकडे मी नंतर येतो, आधी तुमच्या गठ्ठ्यांचं बघू.

बुरशीचा भुंगेऱ्याशी संबंध नाही. पुरत्या न वाळलेल्या परड्या प्लास्टिकमध्ये बांधल्या की आतला ओलावा तिथेच कोंडतो. बुरशी बहुधा वरवरची असते. कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडा, लिंबाचा रस घातलेल्या पाण्याने किंवा व्हिनेगरने पुसा, तासभर उन्हात आणि मग दोन-तीन दिवस वाऱ्यावर ठेवा. डाग थोडे राहतील. पुढच्या वेळी कापडी गठ्ठे किंवा पुठ्ठ्याची भोकं पाडलेली खोकी वापरा, आणि गठ्ठे जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा.

भुसा पडणाऱ्या परड्या आजच वेगळ्या काढा. रंग आणि डिंक नसलेल्या परड्यांना उकळत्या पाण्यात अर्धा तास पूर्ण बुडवून ठेवलं तर आतली अळी मरते, थोडं पिष्टही निघून जातं. नंतर सावलीत, हवेशीर जागी, तोंड खाली करून वाळवा. ओली असताना काठ हाताने सारखा करून घ्या, कारण आकार जरा सैलावतो. रंगीत किंवा नाजूक परड्या घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आतला माल खोलीच्या तापमानाला आला की मगच, नाहीतर दंव परडीवरच बसेल. दोन्हींपैकी काहीही केलंत तरी पिष्ट उरतं, म्हणजे नवा भुंगेरा पुन्हा येऊ शकतो. या परड्या गिऱ्हाइकांना पूर्ण किमतीत देऊ नका, एवढंच म्हणेन.

वॉर्निशबद्दल. आत अळी असताना वरून कसलाही थर दिलात तरी ती आतल्या आत खातच राहते आणि भुंगेरा होऊन थर फोडून बाहेर येतो. ओल्या बांबूवर दिलात तर ओलावा कोंडून आतून बुरशी. शिवाय पॉलियुरेथेनचा थर दिला की जी वस्तू उद्या शेतात टाकली तर माती होणार होती, तिला तुम्ही प्लास्टिकचा अंगरखा घातलात. चकाकी हवीच असेल तर पूर्ण वाळलेल्या मालावर जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरतो. जाता जाता सांगतो, बाजारात ‘बांबूचे’ म्हणून मिळणारे गुळगुळीत रंगीत कप-ताटल्या पाहिल्यात? त्यातल्या पुष्कळशा बांबूची भुकटी घातलेल्या मेलामाइन प्लास्टिकच्या असतात. कारागिराने विणलेल्या सुपाच्या शेजारी ते एकाच ‘इको’ फळीवर मांडलेले पाहिले की मला चीड येते.

औषधाचं म्हणाल तर सगळी औषधं सारखी नाहीत. आर्सेनिक किंवा क्रोमियम असलेली लाकडाची औषधं घरातल्या वस्तूंच्या वाऱ्यालाही नकोत. मी वापरतो ते बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड: 100 लिटर पाण्याला 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक ॲसिड. पाणी कोमट असेल तर विरघळायला सोपं जातं. चिरलेल्या कामट्या किंवा विणून झालेल्या टोपल्या त्यात एक-दोन दिवस बुडवायच्या. सबंध बांबू असेल तर सळईने आतले पडदे फोडून आठवडाभर. हे क्षार पाण्यात विरघळणारे आहेत, म्हणून पावसात राहणाऱ्या वस्तूला त्यांचा उपयोग नाही, सगळं धुऊन जातं. आणि ज्या परडीत उघडं अन्न ठेवायचं, धान्य पाखडायचं, तिला ते मी लावत नाही. उरलेलं द्रावण शेतात किंवा ओढ्यात ओतू नये. त्यातला बोरॉन चिमूटभर पिकाला लागतो, जास्त झाला की पीक जळतं. त्यात पाणी आणि क्षार वाढवून तेच द्रावण पुढे वापरत राहायचं.

मग धान्याच्या सुपांचं काय, असं विचाराल. ती तर आपल्या आज्यांकडे वीस-वीस वर्षं टिकत होती. टिकत होती, कारण ती चुलीच्या घरात टांगलेली असत. धूर रोज मिळायचा. कणग्या शेणा-मातीने लिंपायच्या. सूप-टोपल्यांना मेथी वाटून, कागदाचा लगदा कालवून त्याचा लेप द्यायच्या, म्हणजे आतली उघडी बाजूच बंद होई. गॅस आला, धूर गेला, आणि तेच सूप चार वर्षांत भुसा पाडू लागलं तर दोष कारागिराला. मी काही चुली परत आणा म्हणत नाही. पण हे लक्षात घ्या की वस्तूचं निम्मं जतन पूर्वी वापरणाऱ्याच्या घरात होत असे, ते आता विणण्याआधीच करून घ्यावं लागतं.

माल घेताना एक गोष्ट स्वतः तपासता येते. कामटी सालीची आहे की पोटाची? बांबूत धागे सालीकडे दाट असतात, आत जावं तसा गर वाढतो. सालीची कामटी एका अंगाने चकचकीत, गुळगुळीत असते, वाकवली तर परत सरळ होते. पोटाची कामटी दोन्ही अंगांनी फिकट, किंचित लवदार, आणि पिष्टाने भरलेली. एका बांबूतून सालीच्या कामट्या थोड्याच निघतात, म्हणून भाव पाडून मागितला की कारागीर पोटाच्या वापरतो. त्यात लबाडी नाही, ज्या भावात जे बसतं ते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत काठाची बांधणी सालीची दिसते आहे आणि अंगाची वीण पोटाची. भुसा कुठे पडतोय ते बघा, काठाला तो जवळजवळ नसेल.

रंगांचंही तसंच. जांभळ्या आणि भडक हिरव्या पट्ट्या म्हणजे बहुतेक वेळा बाजारातला पुडीचा रंग. त्याला ‘नैसर्गिक’ म्हणून विकू नका. हळदीचा पिवळा खरा नैसर्गिक, पण उजेडात महिन्या-दोन महिन्यांत उडतो. मला विचाराल तर बिनरंगाचीच घ्या.

आता थांबण्याकडे येतो. बांबूचं वर्ष आणि आपल्या सणांचं वर्ष एकमेकांना उलटं आहे. कोकणात गौरीच्या ओवशाला सुपं लागतात, म्हणजे भाद्रपदात. आकाशकंदील अश्विनात. लग्नसराईची रुखवतं चैत्र-वैशाखात. गिऱ्हाईक सणाच्या आधी महिनाभर जागं होतं, तेव्हा बांबू एकतर भरल्या पिष्टाचा असतो नाहीतर पावसाने भिजलेला. पौषात तोडून, भिजवून, विणून माल भाद्रपदापर्यंत ठेवायचा तर आठ महिने पैसा अडकतो आणि तेवढी कोरडी जागा लागते. बुरुडाच्या दोन खोल्यांच्या घरात दोन्ही नसतं. तुमचे कारागीर “होणारच” म्हणाले ते अज्ञानातून असेल असं मला वाटत नाही. त्यांना महिना माहीत असतो. पण एप्रिलच्या शेवटी आलेल्या ऑर्डरला पौषातला बांबू कुठून आणणार?

त्यात बांबू तोडायचा हक्क कुणाचा, हा प्रश्न पूर्वी आणखी अवघड होता. 1927 च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाडांमध्ये गणला होता, त्यामुळे स्वतःच्या शेताच्या बांधावरचा बांबू हलवायलाही परवान्यांचा खेळ. जंगलातला बांबू वर्षानुवर्षं कागद गिरण्यांकडे जायचा, आणि तोडणाऱ्याला टनाशी मतलब, वयाशी नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे जंगलाजवळच्या लोकांना गोळा करून विकता येणारं उत्पादन, म्हटलं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. 2017 मध्ये जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून काढला. माझ्या धंद्याच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ साधा आहे: कोणता बांबू, कोणत्या महिन्यात तोडायचा हे आता बेटाजवळ राहणारा माणूस ठरवू शकतो. सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्यांकडे बांधावर माणगा जातीचा बांबू असतो, बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव. त्यांच्याशी थेट बोलून डिसेंबरची तोड ठरवणं आज सहज शक्य आहे. विदर्भातला मानवेल जातीचा बांबू असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, मेळघाटात लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र आहे. तिथे प्रक्रिया कशी करतात ते कारागिरांना घेऊन प्रत्यक्ष पाहून या. एक दिवस पाहिलेलं माझ्या अशा दहा उत्तरांपेक्षा कामाला येतं.

तेव्हा पुढच्या गणपतीच्या परड्या या डिसेंबरमध्ये सांगा. निम्मी रक्कम तेव्हाच द्या, तिच्यातून बांबू घेतला जाईल आणि भिजत पडेल. फेब्रुवारीत विणकाम, मार्चमध्ये माल तुमच्या ताब्यात. साठवणुकीची जबाबदारी तुमची, कारण कोरडी खोली तुमच्याकडे आहे. सालीच्या कामटीचा भाव वेगळा धरा आणि तो द्या. हे सगळं धरून परडी महाग पडेल, किती ते तुमचे कारागीरच सांगतील. महाग पडली तर संख्या कमी करा. दोनशेऐवजी एकशेवीस चांगल्या परड्या विका.

आणि हो, त्याच कारागिराकडे जा. फोटोतला काठ पाहा, गुंफण एकसारखी आहे, टोकं आत दाबलेली आहेत, कुठेही तार किंवा खिळा नाही. असा हात दुसरीकडे शोधायला तुम्हाला वर्ष लागेल. जाताना भुसा पडलेली एक परडी बरोबर न्या, तक्रार म्हणून दाखवू नका, नुसती समोर ठेवा. गावाजवळ डिसेंबरपर्यंत वाहणारा ओढा आहे का तेवढं विचारा. नसेल तर मला परत लिहा. सिमेंटच्या टाकीत दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलूनही काम भागतं, फक्त टाकीची लांबी किती ठेवायची ते कोणत्या जातीचा बांबू आहे आणि किती पेरांचा तुकडा लागतो त्यावर ठरवावं लागेल.